कपड्यावरून ओळख

आम्हाला जुन्या जीन्स आणि जुने बूट जमवण्याचा नाद आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी अत्तराच्या रिकाम्या बाटल्या. अशा माणसाला लोक छांदिष्ट म्हणतात. आम्हाला मात्र आमच्याच घरात भंगारवाला म्हणतात. अम्मीच्या लग्नात आलेली एक लोखंडी पेटी घरात आहे. एके काळी तिच्यात गोधड्या असत. आता तिच्यात अकरा जीन्स आहेत आणि पलंगाखाली बुटांचे चार जोड. पाहुणे यायचे झाले की बेगम पलंगावरची चादर जमिनीपर्यंत ओढून घेते. "दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेली पँट पैसे मोजून घेणारा माणूस जन्मात पाहिला नव्हता," असे ती म्हणते. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घ्यायचे असते, हा तिच्या माहेरचा रिवाज. आम्ही तो उलटा केला.

आणखी एक खुलासा. आम्ही म्हणजे एकटेच. लिहिताना स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची जुनी खोड आहे. एरवी तिने काही अडत नाही. निवडणूक आली की मात्र अडते. त्या दिवसांत आम्ही "आम्हाला चहा नको" एवढे म्हटले, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे २०११ च्या जनगणनेतले ११.५४ टक्के उभे राहतात. राज्यातल्या सगळ्या मुसलमानांना चहा नको आहे, अशी बातमी दोन गल्ल्या पलीकडे पोहोचते.

हा नाद लागला तो अब्बांमुळे, आणि अब्बांनी आयुष्यात कधी जीन्स घातली नाही.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, विटा अशी जी मागांची गावे आहेत, त्यांतलेच आमचे एक. अब्बांचे चार माग होते, साधे, धोट्याचे. पहाटे फजरच्या अजानीआधी मागांचा खडखडाट सुरू होई आणि तो थांबला की आम्हाला जाग येई. शाळकरी वयात कांड्या भरणे हे आमचे काम. पहिली जीन्स नव्वदीच्या दशकात मिळाली, तीही न शिवलेली. रफ अँड टफ नावाने तेव्हा कापड, चेन, बटण, रिबिटी असे सगळे एकत्र बांधून मिळायचे आणि शिवून आपण घ्यायचे. मोहल्ल्यातल्या दर्जीचाचांनी ती शिवताना दोन सुया मोडल्या आणि त्यांचे पैसे वेगळे घेतले.

खरी सुरुवात झाली पुण्याच्या जुन्या बाजारात. रविवार आणि बुधवार असे दोन दिवस तो भरतो. २००६ साली एका रविवारी तिथल्या ढिगातून एक लिव्हाइस हाती लागली. गुडघ्यावर पांढरी पडलेली, मागचा खिसा उसवलेला. घरी आणून दोरीवर वाळत घातली. अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी पँटचा पाय उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिवणीच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवला. आत पांढरा काठ होता आणि काठातून एक लाल दोरा गेला होता.

"साध्या मागाचं कापड आहे हे."

"कशावरून?"

"काठावरून. बघ, बाणा इथवर येतोय आणि वळून परत आत जातोय. कुठंही तुटलेला नाही. धोटा जाऊन परत आल्याशिवाय असा काठ पडत नाही. मधून सगळं कापड सारखंच दिसतं, बेटा. काठावरून बघायचं."

ती जीन्स १९८० च्या आसपासची निघाली. पण त्या दिवशी आम्हाला त्या जीन्सपेक्षा अब्बांचे नवल वाटले. अमेरिकेतल्या मागावर विणलेले कापड आमच्या ओट्यावर बसलेल्या माणसाने अंगठ्याने ओळखले होते. तेव्हापासून आम्ही कुठलेही कापड आधी उलटे करून पाहतो. कपड्याच्या दुकानात सेल्समन बिचकतात.

डेनिमची गंमत अशी, की त्यात ताणा निळा आणि बाणा पांढरा. ताण्याचे सूत दोरखंडासारखे एकत्र करून निळीच्या हौदात बुडवतात, बाहेर काढून हवा देतात, पुन्हा बुडवतात. हौदातून निघते तेव्हा ते हिरवट असते, वारा लागला की निळे होते. पण नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, वरवरच बसते. म्हणून जिथे घासेल तिथे आतला पांढरा उघडा पडतो. एरवी रंग जाणे हा कापडाचा ऐब. इथे त्याचीच किंमत. खिशावर पाकिटाचा चौकोन उमटतो, गुडघ्यामागे चुण्यांची जाळी पडते. गवंड्याची जीन्स वेगळी विरते, कारकुनाची वेगळी. दोन वर्षे वापरल्यावर ती घालणाऱ्याची होते. कारखान्यातून सगळ्या एकसारख्या निघालेल्या असतात, हे मग सांगूनही पटत नाही.

आणि ही गोष्ट अमेरिकेचीच आहे असेही नाही. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाला आणि त्याच्या पँटला 'डंगरी' म्हणतात. तो शब्द आपल्या डोंगरीवरून गेलेला आहे. मुंबईच्या किल्ल्याजवळ विकले जाणारे ते कापड सतराव्या शतकापासून गोऱ्यांच्या व्यापारात होते. त्याची शिडे झाली, खलाशांचे कपडे झाले. आज डोंगरी म्हटले की लोकांना सिनेमातले गुंड आठवतात. जगाने अंगावर घातलेले कापड त्या वस्तीच्या नावाचे होते, हे कुणाला आठवत नाही.

अब्बांचे माग २००९ साली भंगारात गेले. सुताचा भाव, विजेचे बिल आणि समोर दिवसरात्र पळणारे बिनधोट्याचे नवे माग, यांच्यापुढे ते टिकणारे नव्हते. नव्या मागावर दर फेरीला बाणा तुटतो, काठाला झालर राहते, पण कापड कितीतरी वेगाने निघते. भंगारवाल्याने बीड वजनावर घेतले. लाकडाचे धोटे त्याला नको होते. त्याच सुमारास आमच्या वाचनात आले, की जपानमध्ये ओकायामाजवळ कोजिमा नावाचे गाव आहे. पूर्वी तिथे शाळेचे गणवेश शिवत. १९६५ मध्ये जपानमधली पहिली जीन्स तिथे शिवली गेली, अमेरिकेहून आणलेल्या कापडाची. पुढे त्या भागातल्या लोकांनी टोयोडाचे जुने धोट्याचे माग जपून वापरात ठेवले. त्यावरच्या काठाच्या डेनिमसाठी आज जगभरचे शौकीन दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात. आम्ही हे अब्बांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांना वंगण बरं मिळत असेल." २०१८ साली अब्बा गेले. एक धोटा पेटीत जीन्सच्या मधोमध ठेवलेला आहे.

बुटांचा नाद पुढचा. मुंबईत कामाठीपुऱ्याजवळ दीड गल्ली आहे. शुक्रवारी पहाटे अंधारात तिथे जुन्या बुटांचा बाजार भरतो आणि ऊन चढायच्या आत उठतो. विजेरी घेऊन जायचे, बूट वाकवून पाहायचा, सोलच्या कडेचे टाके मोजायचे. तिथेच आम्हाला रेड विंगचा एक जोड दिसला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात त्याच नावाच्या गावात १९०५ पासून हे बूट बनतात. आम्ही उजवा उचलला, तर डावा दुसऱ्या एका माणसाच्या हातात. दोघांनीही सोडायला नकार दिला. दुकानदार म्हणाला, "एक एक घेऊन जाता का?" शेवटी आम्ही शंभर रुपये जास्त दिले आणि तो माणूस आम्हाला चहा पाजायला घेऊन गेला. डाव्या बुटाच्या नाकावर एक तिरका ओरखडा आहे, तो त्याने आधी पाहिला होता आणि त्यावरून भाव पाडायचा त्याचा बेत होता. तेच आमचे मित्र, मास्तर. हायस्कुलात इतिहास शिकवतात. आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहतात आणि आमच्यासारखेच घरात बदनाम आहेत.

या बुटांना वेल्ट असते. म्हणजे वरचे चामडे आणि सोल यांच्यामध्ये फिरणारी चामड्याची पट्टी. सोल या पट्टीला शिवलेला असतो. झिजला की टाके उसवायचे आणि नवा सोल शिवायचा, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. आमचे मोचीमामा आर आणि रापी घेऊन बसतात आणि हे काम दिवसभरात करतात. पण चामड्याचे नाव काढले की त्यांचा चेहरा पडतो. गाय आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानेच वाचलेली होती. २०१५ च्या मार्चमध्ये बैल आणि वळूही त्यात आले. मोहल्ल्यातल्या कुरेशींचा धंदा गेला हे सगळ्यांना दिसले. मोचीमामांच्या पाटावरचे चामडे महागले, ते कुणाला दिसले नाही. दोघांची रोजी एकाच कातड्यावर चालत होती. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मामा म्हणाले, "चपलेला मान दिला, आता चामडंबी द्या म्हणावं."

या नादापायी मशिदीत आमची फजिती ठरलेली. बुटांच्या नाड्या सोडेपर्यंत जमात रुकूत गेलेली असते. आणि नमाजाआधी सगळे पँट घोट्याच्या वर दुमडतात, तेव्हा आमच्या पायांवर तो पांढरा काठ आणि लाल दोरा झळकतो. लहान पोरे सजद्यातून तिरके बघतात.

आता निवडणुकीकडे येतो. येणे भागच आहे, कारण तीच आमच्या कपड्यांकडे आली.

१५ डिसेंबर २०१९ ची गोष्ट. नागरिकत्वाच्या कायद्यावरून आंदोलने चालू होती. झारखंडमधल्या दुमक्याच्या प्रचारसभेत देशाचे पंतप्रधान म्हणाले, की आगी लावणारे कोण आहेत ते त्यांच्या कपड्यांवरून ओळखता येते. टीव्हीवर हे वाक्य चालू होते तेव्हा आम्ही मांडीवर एक जीन्स घेऊन गुडघ्याला रफू करत होतो. बेगमने आमच्याकडे पाहिले, मग जीन्सकडे पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही सुटलात. तुमच्यावरून कुणाला काहीच कळणार नाही." आम्ही हसलो. पण सुई मात्र पुढे चालेना. अब्बा कापडावरून माग ओळखत, आम्ही विरलेल्या जागेवरून घालणाऱ्याचा धंदा ओळखतो. कपड्यावरून ओळखणे ही आमच्या घरातली विद्या होती. ती अशा कामाला येईल असे वाटले नव्हते.

हे एका बाजूचे झाले. दुसऱ्या बाजूचे लोक आम्हाला कपड्यांवरून ओळखत नाहीत. ते आमचे कपडे घालून येतात.

२०२४ साली रमजान आणि लोकसभेचा प्रचार एकत्र आले. दोन्ही मोठ्या आघाड्यांनी राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नव्हता. तिकीट द्यायचे नाही म्हटल्यावर इफ्तार तरी द्यायला हवी. मोहल्ल्यात एका उमेदवाराची इफ्तार ठरली. आदल्या दिवशी त्यांचा कार्यकर्ता आमच्याकडे आला. चांगला पोरगा, ओळखीचा.

"भाई, उद्या पुढच्या रांगेत बसा. आणि ते जरा... कुर्ता-टोपी घालून या."

"का? जीन्सवर रोजा सुटत नाही?"

"तसं नाही हो. जीन्समध्ये तुम्ही फोटोत दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे, आपला समाज दिसत नाही."

आम्ही नाही म्हणायला हवे होते. पण आमच्या गल्लीतल्या गटाराचे काम तीन वर्षे अडले होते आणि उमेदवाराच्या कानावर ते घालायचे होते. आम्ही ईदचा कुर्ता काढला, टोपी घातली आणि जाऊन बसलो. पायात तेवढे रेड विंगचे बूट होते, ते दाराशी काढले. उमेदवार आले. त्यांच्या डोक्यावर नवी टोपी होती, पाकिटातली घडी अजून मोडली नव्हती. न धरलेला रोजा त्यांनी आमच्याबरोबर सोडला. खजूर हातात घेऊन फोटो झाला. गटाराचे त्यांनी मान हलवून ऐकले. मगरिबची जमात उभी राहते तोच ते उठले. पुढच्या इफ्तारला उशीर होतोय म्हणाले. जणू तिकडे सूर्य त्यांच्यासाठी थांबवून ठेवला होता. साध्या मागावर निदान धोटा परत येतो. ते पुन्हा गल्लीत दिसले नाहीत.

गटार तसेच राहिले. निकाल लागले, राज्यातून एकही मुसलमान खासदार गेला नाही, पावसाळा आला, गटार तुंबले, उतरले. आम्ही ते सगळे विसरलो.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक लागली. या वेळी घोषणांचा जोर वेगळाच होता. कुणी वाटले जाण्याची आणि कापले जाण्याची भीती घालत होता, कुणी 'व्होट जिहाद' म्हणत होता. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, त्यांत कोण कुणाबरोबर हे लक्षात ठेवायला वही लागावी. पण आमच्या बाबतीत सगळ्यांचे एकमत होते, की आम्ही सगळे एकच आहोत. काहींना त्याची भीती होती, काहींना त्याचा भरवसा होता.

एका रात्री फोन वाजला. जीन्स आणि बुटांच्या शौकिनांचा आमचा सात जणांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर सोल, टाके आणि मेण याशिवाय काही येत नाही. त्यावर मास्तरांनी एक फोटो पुढे पाठवला होता. टोप्या घातलेली माणसे एका रांगेत बसलेली, मधोमध तो उमेदवार. खाली लिहिले होते, 'हे एक होतात. तुम्ही कधी होणार?' रमजानमधलाच फोटो. तेव्हा तो एका बाजूने आमची मते मागायला काढला होता, आता दुसऱ्या बाजूने तोच दुसऱ्यांची मते मागायला काढला होता. डावीकडून तिसरे आम्ही होतो. हातात खजूर.

मास्तरांशी आमची ओळख बारा वर्षांची. लिव्हाइसच्या लाल फितीवरचे 'ई' अक्षर १९७१ पर्यंत मोठ्या लिपीत असे, हे त्यांनी आम्हाला शिकवले. मागच्या खिशाच्या आत लपवलेल्या रिबिटी बोटाने चाचपून ते जीन्सचे वय सांगतात. त्यांना फोटोत आम्ही ओळखू आलो नव्हतो.

आम्ही बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिले, "मास्तर, कोपऱ्यात दाराशी चपलांचा ढीग आहे. तो मोठा करून बघा."

पाच मिनिटे गेली. मग त्यांचे उत्तर आले. "अरे, हा तर आपला जोड. डाव्या नाकावरचा ओरखडा."

आणि मग काहीच आले नाही. फोटो ग्रुपवरून नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर शाळा सुटल्यावर एसटीने आले. बेगमने चहा ठेवला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भाई, मी पाहिलंच नाही रे. शाळेच्या ग्रुपवर आला, पुढे ढकलला. सगळे एकसारखे दिसले."

अब्बांचे ओट्यावरचे वाक्य आठवले. मधून सगळं कापड सारखंच दिसतं. पण ते बोलून दाखवायचा धीर झाला नाही. कारण सगळ्यांसारखे दिसण्यासाठीच तर आम्ही त्या दिवशी कपडे बदलले होते. शिवाय आमच्याही मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटो येत असतात. भगवी उपरणी घातलेली पोरे, हात वर केलेले, तोंडे उघडी. आम्हीही ते पुढे पाठवलेले आहेत. एका फोटोत मास्तरांचा पुतण्या होता, हे आम्हाला त्यांनीच एकदा खाली मान घालून सांगितले होते. लहानपणी तो आमच्या मांडीवर बसून शीरखुर्मा प्यायलेला पोरगा. त्या गर्दीत आम्ही तरी कुणाचा चेहरा पाहिला होता? उपरणे पाहिले आणि पुढे ढकलले.

"पण तू टोपी घातलीस कशाला?" मास्तरांनी विचारले.

"गटारासाठी."

"झालं का?"

"नाही."

मग मात्र दोघांनाही हसू आवरेना. बेगम आतून काय झाले म्हणून बघायला आली.

चहा झाल्यावर मास्तर एकदम गंभीर झाले. "तो खिसा आठवतो का?" म्हणाले. आठवत होताच. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका लिलावात १८८० च्या दशकातली एक लिव्हाइस विकली गेली. पडक्या खाणीत सापडलेली, मेणबत्तीचे डाग पडलेली. बोली ७६,००० डॉलरची लागली, वरची रक्कम धरून ८७,४०० डॉलर झाले. आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत फोनवर तिचे फोटो बघत होतो. खिशाच्या आतल्या कापडावर एक ओळ छापलेली होती. ही जीन्स फक्त गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे, अशा अर्थाची.

त्या ओळीची हकीकत तेव्हा मास्तरांनीच सांगितली होती. कॅलिफोर्नियात मंदी आली, बेकारी वाढली. रेल्वेचे रूळ टाकायला आणलेले चिनी मजूर लोकांच्या डोळ्यांत आले. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कामगारांच्या नावाने एक पक्ष निघाला आणि चिन्यांनी चालते व्हावे, ही त्याची घोषणा झाली. घोषणेला मते पडतात हे पाहून दोन्ही मोठे पक्षही तेच बोलू लागले. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला. आणि धंदा चालावा म्हणून कंपनीने खिशावर ती ओळ छापली. कंपनी कुणाची? बव्हेरियातून आलेल्या लेव्ही स्ट्रॉसची. खिशाला रिबीट मारायची युक्ती कुणाची? रीगाहून आलेल्या जेकब डेव्हिस या शिंप्याची. दोघांचे त्या युक्तीचे पेटंट २० मे १८७३ चे. दोघेही ज्यू, दोघेही बाहेरून आलेले. पुढे कंपनीने ती ओळ काढून टाकली. पण जी जीन्स खाणीत राहिली, तिच्या खिशात ती राहिलीच.

"मी तो खिसा वर्गात मुलांना दाखवला होता," मास्तर म्हणाले. "घोषणा देणारे गेले, पक्ष बुडाला, पण छापलेलं राहतं, असं सांगितलं होतं. आणि परवा मीच छापून पाठवलं."

आम्ही काही बोललो नाही. पेटी उघडली. अब्बांचा धोटा बाजूला ठेवला आणि पुण्याहून आणलेली ती पहिली जीन्स त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी याआधी वीस वेळा पाहिलेली होती. त्यांनी पाय उलटा केला आणि काठ पाहत बसले. शेवटची एसटी चुकली. रात्री आमच्याकडेच झोपले.

२० नोव्हेंबरला मतदान झाले. आम्ही जीन्स घालूनच गेलो. नवी, अजून न धुतलेली होती, तिची नीळ दिवसभर हाताला लागत होती. डाव्या तर्जनीवर शाई लावताना बाईंनी विचारले, "आधीच शाई कशी हो?" आम्ही म्हणालो, "ही पँटची आहे." त्यांनी कापडाने बोट पुसले आणि मग आपली शाई लावली. ती शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. १९६२ च्या निवडणुकीपासून ती वापरतात. नीळ साबणाने दोन दिवसांत गेली. शाई नखावर महिना-दीड महिना टिकून राहिली. मत कुणाला दिले ते बेगमलाही सांगितलेले नाही. देताना आनंद झाला नाही, एवढे सांगतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी जुम्याला गेलो. बुटांच्या नाड्या सोडल्या, वजू केली, सफीत बसून पँट दुमडली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, पाहिल्यासारखे वाटणारे. त्यांची नजर आमच्या पायावर खिळली. मग त्यांनी सरळ हात पुढे केला आणि काठावरून अंगठा फिरवला.

"साध्या मागाचं दिसतंय."

"हो."

"कुठला माग?"

"अमेरिकेतला. ग्रीन्सबरो म्हणून गाव आहे, तिथली व्हाइट ओक मिल. १९०५ ची."

"अमेरिकेत साधे माग आहेत?"

"होते. २०१७ च्या अखेरीस मिल बंद पडली."

त्यांनी मान हलवली. "तुमचे वालिद मागावर होते का?"

"चार माग होते."

"तरीच," ते म्हणाले. तेवढ्यात इकामत झाली. इमामसाहेबांनी सफी सरळ करा म्हटले आणि आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिलो.